आठवीचा उंबरठा
(विद्यार्थी गुणगौरव समारंभात संस्थेच्या शिक्षण समितीच्या वतीने केलेले भाषण)



आज दहावी-बारावीच्या गुणवंतांचा गौरव झाला. टाळ्या झाल्या, पुष्पगुच्छ दिले गेले, आईवडिलांचे डोळे भरून आले. हा आनंद आपण कष्टाने मिळविलेला आहे. आम्हांला मात्र आज जे या व्यासपीठापर्यंत अद्याप आलेले नाहीत, त्यांच्याविषयी बोलावयाचे आहे. ती मुले सहावी, सातवी, आठवीत आहेत. शाळेचे वर्ष संपताना त्यांचे काय होते, हा आमचा विषय आहे.

मार्च उजाडला की शाळेचे रूप पालटते. सकाळची शाळा सुरू होते. स्नेहसंमेलन आणि सहल केव्हाच उरकलेली असते. वर्गशिक्षक तोंडी परीक्षा व प्रात्यक्षिके घेत असतात, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी पूर्ण करीत असतात. वाचनालयाची पुस्तके परत मागविली जातात. मग एखाद्या दिवशी वरच्या वर्गाचा निरोप समारंभ होतो. फळ्यावर रंगीत खडूने वेलबुट्टी काढतात, मुले वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचे घड्याळ देतात, दोघे-चौघे भाषण करताना अडखळतात आणि मुली रडतात. मग पोहे होतात, फोटो निघतो. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा होते आणि १ मे रोजी महाराष्ट्र दिनाच्या झेंडावंदनानंतर हाती प्रगतिपुस्तक पडते. 'उत्तीर्ण' हा शब्द वाचून मूल उड्या मारीत घरी येते.

येथवर सर्व ठीक असते. प्रश्न सुरू होतो तो २ मेपासून.

कित्येक गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीला, सातवीला किंवा आठवीला संपते. पुढचा वर्ग दुसऱ्या गावी किंवा तालुक्याला असतो. जूनमध्ये तेथे नाव घातले तरच शिक्षण पुढे चालते. नाव घालावयाचे राहिले तर कोणी त्या मुलाला शाळेतून काढीत नाही, कोणी नापासही करीत नाही. ते मूल नुसतेच कोणत्याही पटावर उरत नाही. जुन्या शाळेच्या दृष्टीने ते दाखला घेऊन गेलेले असते आणि नव्या शाळेला ते आहे हेच ठाऊक नसते. या दोन शाळांच्या मधल्या दीड महिन्यात आपल्या वस्तीतील मुले गळतात.

यात आठवीचा उंबरठा सर्वांत कठीण आहे. त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या बालकांना, म्हणजे आठवीपर्यंत, मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देतो. सरकारची मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत. दुपारचा शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. नववीत गेले की पुस्तके विकत घ्यावी लागतात, डबा घरून न्यावा लागतो आणि शाळा लांब असेल तर जाण्यायेण्याचा खर्च वाढतो. दुसरीकडे, बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास बंदी आहे. घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर मदत करण्यासारखे थोडे अपवाद आहेत. परंतु १४ ते १८ या वयात धोकादायक नसलेल्या कामाला मुभा आहे. म्हणजे शाळेत ठेवणारा कायदा ज्या वयाला हात सोडतो, त्याच वयाला कामापासून रोखणारा कायदाही हात सैल करतो. बांधकामावरचा मुकादम, गॅरेजचा मालक, हॉटेलवाला यांना हे वय नेमके कळते. घरी कर्ज असेल तर बापालाही ते कळते. मुलीच्या बाबतीत त्याच मे महिन्यात लग्नसराई असते. कायद्याने १८ वर्षांपूर्वी मुलीचे लग्न होऊ शकत नाही, हे सर्वांना माहीत आहे. तरीही शाळा सुटलेल्या मुलीसाठी स्थळे येऊ लागतात आणि शाळेत जाणाऱ्या मुलीसाठी "अजून शिकतेय" एवढे उत्तर पुरते. शाळेचा पट हे मुलीचे मोठे संरक्षण आहे.

आणखी एक बदल पालकांनी लक्षात घ्यावा. पूर्वी आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवीत नसत. २०१९ साली केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि महाराष्ट्राने २०२३ साली नियम बदलून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा लागू केली. आता आठवीत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला त्याच वर्गात बसविता येते. मात्र त्याआधी त्याला पुरवणी मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांत पुनर्परीक्षेची संधी द्यावी लागते. ही संधी म्हणजे मे महिना. त्या महिन्यात मूल गणित सोडवीत बसले की विटा उचलावयास गेले, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते.

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आजचा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगासमोर निवेदन दिले, त्यात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली होती. बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या परिषदेच्या आठवडाभर आधी, मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर भाषण केले. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोचतात व उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात, असा हिशेब त्यांनी सरकारपुढे ठेवला. किती मुले शाळेत आली, एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. मधल्या पायरीवर किती सुटली, हे ते मोजत होते. तेव्हा ती पायरी चौथीची होती, आज ती आठवीची आहे. मोजण्याची रीत मात्र तीच ठेवावी लागेल.

आता आजच्या समारंभाशी निगडित असलेली एक गोष्ट सांगतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी एप्रिल १९५६ मध्ये एक प्रास्ताविक लिहिले होते. त्यात आपण बुद्धाकडे कसे वळलो हे ते सांगतात. इंग्रजी चौथीची परीक्षा ते पास झाले, तेव्हा वस्तीतील लोकांनी सत्काराची सभा घेण्याचे ठरविले. इतर समाजांच्या मानाने हे यश लहान होते, परंतु आपल्यातून येथवर पोचलेला तो पहिलाच मुलगा, म्हणून लोकांना त्याचे मोठे अप्रूप होते. वडील रामजी सुभेदार तयार नव्हते. मुलगा फुशारेल, अशी त्यांना धास्ती. अखेर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी रदबदली केली. सभा झाली, केळुसकर अध्यक्ष झाले आणि त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. काही चरित्रकार हा प्रसंग मॅट्रिकच्या वेळचा, १९०७ चा सांगतात. बाबासाहेबांच्या स्वतःच्या लेखणीत मात्र तो इंग्रजी चौथीचा आहे. त्या काळी मराठी चार इयत्ता झाल्यावर इंग्रजी इयत्ता सुरू होत. म्हणजे आजच्या हिशेबाने ती साधारण आठवी!

यातून आम्ही एवढेच शिकतो की समाजाने मुलाच्या पाठीवर थाप दिली ती योग्य पायरीवर. तेथे एक माणूस होता ज्याने बापाची समजूत घातली, आणि भेट म्हणून एक पुस्तक होते. अशा एका सभेतील पुस्तकाने पुढे काय घडविले हे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरने पाहिले. म्हणून आमची सभासदांना विनंती आहे की गुणगौरवाची ही चांगली प्रथा दोन इयत्ता खाली न्यावी. आठवी उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक मुलाचा व मुलीचा सत्कार व्हावा, गुण कितीही असोत. हा सत्कार मे महिन्यातच व्हावा आणि त्यावेळी नववीचा प्रवेश कोठे, हे पालकांच्या उपस्थितीत ठरावे.

त्यासाठी लागणारे काम फार खर्चाचे नाही, नेटाचे आहे.

मार्चमध्ये वस्तीतील पाचवी, सातवी व आठवीच्या मुलांची यादी करावी. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांची मुलेही त्या यादीत हवीत. जयंती एप्रिलच्या परीक्षांच्या दिवसांतच येते. १४ एप्रिलची मिरवणूक जरूर निघावी, पण ध्वनिक्षेपक वेळेत बंद व्हावा आणि परीक्षेच्या आदल्या रात्री विहारातील दिवे मुलांसाठी चालू राहावेत. कितीतरी ठिकाणी सलग अठरा तास अभ्यास करून बाबासाहेबांना अभिवादन केले जाते. तो उपक्रम आपल्या विहारातही व्हावा. मे महिन्यात सुशिक्षित तरुणांनी रोज दोन तास विहारात वर्ग घ्यावा: पुनर्परीक्षेच्या मुलांसाठी गणित, भाषा आणि नववीत जाणाऱ्यांसाठी इंग्रजी.

कागदपत्रांचीही काळजी घ्यावी. दाखल्यावरील नाव, जन्मतारीख, धर्म व जात या नोंदी मूल शाळेत असतानाच तपासाव्यात. शाळा सोडल्यावर दुरुस्ती अवघड होते. १९९० साली बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या. पण जातीचे प्रमाणपत्र व पडताळणी यांच्या वेळी शाळेच्या रजिस्टरातील नोंद बघितली जाते. या नोंदीचे मोल केवढे असते! ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत 'भिवा रामजी आंबेडकर' ही १९१४ क्रमांकाची नोंद झाली. तिच्या स्मरणार्थ शासनाने २०१७ पासून तो दिवस विद्यार्थी दिवस ठरविला आहे. आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. आठवीपर्यंत, दाखला मिळण्यास उशीर झाला या कारणाने दुसरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. तसे कायद्यात स्पष्ट म्हटले आहे.

सवलतीही आहेत. आठवीत असताना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा मोफत पास आहे. समाजकल्याण खात्याची वसतिगृहे व निवासी शाळा आहेत. अर्जांच्या तारखा मुलांच्या घरी पोचविणे हे संस्थेचे काम आहे.

शेवटी विद्यार्थी मित्रांना. तुम्ही निरोप समारंभात रडता, ते स्वाभाविक आहे. मित्र दुरावतात, बाई-गुरुजी दुरावतात. पण निरोप एका शाळेचा घ्यावा, शिक्षणाचा घेऊ नये. वर्गातील एखादा मित्र जूनमध्ये दिसला नाही तर "गेला कामाला" एवढे म्हणून थांबू नका. त्याच्या घरी जा आणि समितीला कळवा. तुम्हांला जे आधी कळते, ते आम्हां मोठ्यांना दिवाळीपर्यंत कळत नाही.

सभासदहो, पुढील वर्षीच्या अहवालात दहावीत नव्वद टक्के मिळविणारे किती, हा आकडा असावाच. त्याच्या शेजारी आणखी दोन आकडे असावेत अशी आमची मागणी आहे. मे महिन्यात आपल्या वस्तीतून आठवी पार केलेली मुले किती, आणि जूनमध्ये नववीच्या पटावर आलेली किती. हे दोन आकडे सारखे आले, तर त्या वर्षी संस्थेने आपले काम केले असे आम्ही समजू.

नमो बुद्धाय! जयभीम!