देव घडवतो, पण फी कोण भरणार?

(जयपूरमध्ये शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी तरुण-तरुणींच्या बैठकीत उपवासकाळात केलेल्या भाषणाचा मजकूर.)

मित्रांनो, जय भीम आणि सलाम.

‘सलाम’ ऐकून काही जणांच्या भुवया वर गेल्या. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे जुन्या नगरमध्ये, ख्रिस्ती माणसं एकमेकांना भेटली की सलाम म्हणतात. माझं घर ख्रिस्ती. आमची भावकी महारांची. १९५६ नंतर भावकीतली निम्मी घरं बौद्ध झाली, निम्मी ख्रिस्तीच राहिली. त्यामुळे लहानपणापासून दोन्ही नमस्कार माझ्या तोंडात आहेत.

आजचा विषय आयोजकांनी दिला तो असा : ‘दुःखातून आध्यात्मिक वाढ – ख्रिस्ती दृष्टी’. विषय ऐकून मी थोडा घाबरलो. कारण हे वाक्य मी खूप ऐकलंय आणि बहुतेक वेळा ते ज्याला दुःख नाही त्याच्याच तोंडून ऐकलंय.

एक प्रसंग सांगतो. बारावीनंतर मला व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. त्याच वर्षी माझ्या चुलतभावालाही मिळाला. दोघांचे पणजोबा एक, वाडा एक, गावातली विहीर दोघांच्या घरांना सारखीच बंद होती. तो बौद्ध, म्हणून अनुसूचित जातीत. त्याची फी पूर्ण माफ. मी ख्रिस्ती, म्हणून ओबीसीत. माझी अर्धी माफ, तीही नॉन-क्रिमीलेअरचा दाखला वेळेत आला तर. दाखला वेळेत आला नाही. कॉलेजच्या खिडकीवरच्या साहेबांनी फॉर्म परत सरकवला आणि म्हणाले, “मिशनवाल्यांकडून घ्या की पैसे.”

रविवारी चर्चमध्ये आमच्या पाळकांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. चांगले गृहस्थ. प्रार्थनेनंतर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बाळा, देव तुला घडवतोय.” शेजारी आजी बसली होती. अंगठेबहाद्दर बाई, पण अर्धं पवित्र शास्त्र ऐकून पाठ. ती म्हणाली, “देवानं घडवायचं ते घडवू द्या पाळकसाहेब, पण फी कोण भरणार?”

शेवटी वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली आणि दोन हंगाम ऊस तोडून फेडली. त्या उचलीवर मी पदवीधर झालो. म्हणून ‘दुःखातून वाढ’ म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो : दुःख कुणाचं आणि वाढ कुणाची?

आपल्याला हे गणित नवीन नाही. शेकडो वर्षं आपल्या पूर्वजांना सांगितलं गेलं की हा मागच्या जन्माचा भोग आहे, निमूट भोगा, पुढचा जन्म बरा मिळेल. आता कर्माच्या जागी ‘देवाची इच्छा’ हा शब्द घातला आणि बाकी वाक्य तेच ठेवलं, तर धर्म बदलला असं म्हणता येईल का?

पवित्र शास्त्रात ईयोबाचं पुस्तक आहे. ईयोब हा सज्जन माणूस. त्याची गुरंढोरं जातात, मुलं मरतात, अंगभर फोड येतात. त्याचे मित्र येऊन त्याला समजावतात की तुझ्या हातून काहीतरी पाप झालं असेल, कबूल कर, गप्प राहा. ईयोब गप्प राहत नाही. माझा दोष काय ते सांग, असं तो थेट देवाला विचारतो. पुस्तकाच्या शेवटी देव कुणावर रागावतो? प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नाही. शहाणपणा शिकवायला आलेल्या मित्रांवर. ज्यांनी बायबल उघडलं नाही त्यांनीही एकदा हे पुस्तक वाचावं. कर्मविपाकाला इतकं सडेतोड उत्तर मी क्वचित वाचलंय.

मग दुःखातून वाढ होतच नाही का? होते. पण दुःख आपोआप कुणाला मोठं करत नाही. एकाच दुष्काळात एक माणूस सावकार होतो आणि दुसरा अन्नछत्र उघडतो. फरक पडतो तो माणूस त्या दुःखाचं पुढे काय करतो यानं.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, ते त्या काळी पाप मानलं जाई. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं हिंडत पुराणं सांगून जगायचं. दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण, तिघंही गेली. रमाबाई आणि भाऊ उपाशीपोटी देशभर पायी फिरले. पुढे भाऊही गेला. रमाबाईंनी १८८० साली जात ओलांडून बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केलं. दोन वर्षांच्या आत तेही कॉलऱ्यानं गेले. चोविशीच्या आत हातात तान्ही मुलगी आणि कपाळी वैधव्य. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि इकडे गदारोळ उठला. त्या वेळी त्यांच्या बाजूनं ठामपणे लिहिलं ते जोतीराव फुल्यांनी, १८८५च्या ‘सत्सार’मध्ये.

रमाबाई ख्रिस्ती झाल्या, पण मिंध्या झाल्या नाहीत. इंग्लंडमधल्या ज्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीही त्या श्रद्धेच्या बाबतीत पत्रांतून वाद घालत राहिल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान द्यायला त्या तयार नव्हत्या.

आता त्यांच्यातली वाढ कुठे दिसते ते पाहा. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढलं. तिथे प्रामुख्यानं उच्चवर्णीय विधवा मुली होत्या आणि त्यांना सोवळंओवळं पाळायची मुभा होती. आपण हे लपवायचं कारण नाही. मग १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर मरताहेत हे कळलं, तेव्हा ज्या बाईनं स्वतः दुष्काळात घर गमावलं होतं ती उठून तिकडे गेली. शेकडो मुली घेऊन आली आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. दुष्काळातल्या मुलींना जात विचारून आत घेता येत नाही. वीस वर्षांपूर्वीची स्वतःची भूक त्यांना दुसऱ्याच्या भुकेपर्यंत घेऊन गेली आणि दार रुंद झालं. मी याला आध्यात्मिक वाढ म्हणतो.

दुसरं नाव लक्ष्मीबाई टिळकांचं. ‘स्मृतिचित्रे’ तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. त्यांच्या वडिलांचं सोवळं एवढं कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. १८९५ साली नवरा, म्हणजे नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाला. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. लोकांची बोलणी, नातेवाइकांची दया, सगळं सोसलं. पुढे नवऱ्याकडे परतल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं, स्वयंपाक वेगळाच. मग एक दिवस त्यांनी स्वतःशी विचार केला की जाती देवानं केल्या की माणसानं? उत्तर मिळालं तेव्हा त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. त्यांचा बाप्तिस्मा नंतर झाला. जात आधी गेली.

हा क्रम महत्त्वाचा आहे. कारण आपल्याकडे उलटंही झालंय. बाप्तिस्मा झाला आणि जात तशीच राहिली. तमिळनाडूत ख्रिस्ती दफनभूमीत दलितांसाठी वेगळी भिंत घातल्याची उदाहरणं आहेत. महाराष्ट्रातही लग्न जुळवताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न चर्चच्या अंगणातच विचारला जातो. बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजावर हीच टीका केली की धर्मांतरानं आत्म्याची काळजी घेतली, पण अन्यायाविरुद्ध उभं राहायला शिकवलं नाही. ही टीका आम्हाला झोंबते. झोंबायलाच हवी.

आम्हाला आणखी एक टोमणा मिळतो, ‘दुष्काळी ख्रिस्ती’. १८७६-७८च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातली पुष्कळ महार कुटुंबं मिशनकडे गेली, हे खरं आहे. ज्वारीसाठी धर्म विकला म्हणतात. लाज कुणाला वाटायला हवी? भुकेल्या माणसाला, की ज्याच्या पेवात ज्वारी होती आणि ज्यानं दिली नाही त्याला? आणि केवळ ज्वारीचाच सौदा असता तर पाऊस पडल्यावर सगळे परत गेले असते. काही गेलेही. जे राहिले ते पाटी-पेन्सिलीसाठी राहिले, नावानं हाक मारली जायची म्हणून राहिले.

याच नगरमधून १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक सुरू झालं. आणि १८५५ साली, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्याच ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ती मुलगी ख्रिस्ती नव्हती. पण बघा, तिनं दुःखाचं काय केलं? सोसलं नाही नुसतं. लिहून काढलं, वर्गात वाचलं, जाब विचारला.

ख्रिस्ती श्रद्धेतही जाब विचारणं पाप नाही. येशूला पकडून महायाजकापुढे उभं केलं तेव्हा एका शिपायानं त्याच्या थोबाडीत मारली. योहानाच्या शुभवर्तमानात आहे, येशू त्याला कारण विचारतो. पौल तर आणखी पुढे जातो. संकट माणसाला पायरीपायरीनं आशेपर्यंत नेतं, असं लिहिणारा हाच पौल. पण त्याला फटके मारायला बांधलं तेव्हा त्यानं आपण रोमन नागरिक आहोत हे ठणकावून सांगितलं. पुढे थेट कैसराकडे दाद मागितली. दुःखाचं मोल जाणणाऱ्या माणसानं कायद्याचा हक्क सोडला नाही.

म्हणून मी १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाबद्दल बोलतो तेव्हा कुणी मला ‘श्रद्धेत राजकारण आणू नको’ म्हणू नये. त्या आदेशाचा तिसरा परिच्छेद अनुसूचित जातीचा दर्जा धर्माला बांधतो. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लीम दलित बाहेरच राहिले. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगानं ही अट काढा म्हणून सांगितलं, २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला गेला. गावाला आमची जात दिसते, फक्त कागदाला दिसत नाही. म्हणून कितीतरी घरांत दोन नावं असतात, एक चर्चच्या वहीतलं, एक दाखल्यावरचं. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा दुहेरी जगण्याला राज्यघटनेची फसवणूक म्हटलं. मी दोन नावांनी जगणाऱ्यांना दोष देत नाही. मुलाची फी भरायची असते. मी स्वतः एकच नाव ठेवलं आणि त्याची किंमत माझ्या वडिलांनी ऊस तोडून दिली, मी नाही. हे विसरून मी श्रद्धेच्या गप्पा मारल्या तर मी ईयोबाच्या मित्रांपैकी एक होईन.

आपण आज जयपुरात बसलोय. इथल्या उच्च न्यायालयाच्या आवारात १९८९पासून मनूचा पुतळा उभा आहे. २०१८ साली महाराष्ट्रातून आलेल्या दोन महिलांनी त्याला काळं फासलं. याच शहरातल्या विधानसभेनं सप्टेंबर २०२५मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं. धर्म बदलायचा तर प्रशासनाला आधी कळवा, ‘मूळ’ धर्मात परतलात तर मात्र ते धर्मांतर नव्हे. मनू दगडात उभा राहिला काय आणि कलमात उतरला काय, तो म्हणतो एकच : जिथे जन्मलात तिथेच राहा.

तुम्ही घरातले पहिले पदवीधर आहात. तुमच्यापैकी कुणी प्रार्थना करतं, कुणी त्रिशरण म्हणतं, कुणी काहीच नाही. सगळ्यांना एकच विनंती. तुमच्या दुःखानं तुम्हाला मोठं केलं असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नका. मोठं केलं ते आईबापाच्या कष्टानं आणि तुमच्या जिद्दीनं. दुःख नसतं तर तुम्ही कदाचित आणखी पुढे असता.

पण जे वाट्याला आलं ते वाया घालवू नका. गावाकडून कुठल्या मुलीचा फोन आला की दाखला अडलाय, तर ‘प्रयत्न कर’ म्हणून फोन ठेवू नका. कोणता अर्ज, कुठली खिडकी, शेवटची तारीख काय, नाही म्हणाले तर अपील कुणाकडे, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही ते धक्के खाऊन शिकलात. ते तिला बसून सांगा.

मी नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारातून आमच्या वाड्यातल्या एका मुलाची फी भरली. आजी तेव्हा होती. मी सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, “आता घडलास.”

सलाम. जय भीम.