सौर पॅनेलवाला दारात आला तर

छतावरची सौर वीज ही चांगली गोष्ट आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांचं विजेचं बिल मोठं आहे आणि छत स्वतःचं आहे, त्यांनी तिचा जरूर विचार करावा. आज मला बोलायचंय ते तिच्या नावाखाली दारोदार चाललेल्या विक्रीबद्दल. दुपारी घरात वयस्कर मंडळी एकटी असतात तेव्हा बेल वाजते, आणि तासाभरात दीड-दोन लाखांच्या कागदावर सही होऊन जाते.

या विक्रेत्यांचं बोलणं सगळीकडे जवळपास सारखंच असतं. "काकू, महावितरणकडून आलोय. सरकारी योजना आहे, आता वीज फुकट. जरा लाइटबिल दाखवता का?" या तीन वाक्यांतलं एकेक नीट पाहू.

पॅनेल विकायला महावितरणचा कर्मचारी तुमच्या दारात येत नाही. पॅनेल बसवतात त्या खासगी कंपन्या. योजनेत काम करायचं तर त्यांना सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि त्या नोंदणीलाच हे लोक 'शासनमान्य' म्हणतात. नोंदणी आहे म्हणून त्या कंपनीचा दर वाजवी आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. गळ्यातलं ओळखपत्र कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात तयार होतं. शंका आली तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर फोन करून विचारा. तोवर माणूस बाहेर थांबला तर त्यात त्याचा अपमान होत नाही.

बिल मात्र दाखवू नका. बिलावर तुमचा बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो आणि योजनेचा अर्ज याच क्रमांकावर नोंदवला जातो. क्रमांक मिळाला, वर तुमच्या मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला, की "फक्त माहिती घेतो" म्हणणारा माणूस तुमच्या नावाचा अर्ज भरून मोकळा होतो. कधी अर्जावर मोबाइल नंबर स्वतःचाच टाकतो. मग पुढचे सगळे निरोप त्याच्याकडे जातात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

आता 'फुकट' या शब्दाकडे येऊ. प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. तुम्ही पाच किलोवॉट बसवलेत तरी ७८,०००च. उरलेला खर्च तुमचा. हे अनुदान पॅनेल बसल्यावर, नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारं मीटर, लागून तपासणी झाल्यावर थेट तुमच्या बँक खात्यात येतं. विक्रेत्याच्या खात्यात ते येत नाही. तेव्हा "अनुदान वजा करूनच किंमत सांगतोय" असं कुणी म्हणालं, तर पूर्ण किंमत आणि अनुदान वेगवेगळं लिहून मागा. पॅनेलं भारतीय बनावटीची असतील तरच अनुदान मिळतं, तेही कोटेशनवर लिहून घ्या. आणि बिल अगदी शून्य होतं असंही नाही. युनिट शून्यावर आले तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

तुम्हाला किती किलोवॉट लागतात, याचं उत्तर तुमच्याच बिलावर आहे. एक किलोवॉटचा संच महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट वीज देतो. तुमचा वापर ९० युनिटांचा असेल आणि विक्रेता तीन किलोवॉट गळ्यात मारत असेल, तर तो त्याच्या कमिशनचा हिशेब करतोय. जास्तीची वीज विकून पैसे मिळतील, असं तो सांगेल. शिल्लक युनिटांचा हिशेब आर्थिक वर्षाच्या अखेरीस होतो आणि मिळणारा दर आपण विजेसाठी मोजतो त्यापेक्षा कमी असतो. त्या आशेवर मोठा संच घेऊ नये.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती कर्जात. म्हणून इथे थोडा वेळ थांबतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

समजा, एक लाख ऐंशी हजारांचं कर्ज, पाच वर्षांसाठी. विक्रेता म्हणतो, "व्याज फक्त सात टक्के." ऐकायला बँकेसारखंच वाटतं. पण तो 'फ्लॅट' दर सांगत असतो. म्हणजे तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि तो मात्र पाचही वर्षं पूर्ण एक लाख ऐंशी हजारांवर व्याज लावतो. व्याज होतं ६३,००० रुपये, हप्ता ४,०५० रुपये. बँका जसा घटत्या शिल्लकेवर दर सांगतात, तसा हा दर काढला तर तो साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातो. ज्या घराचं बिल महिन्याला हजार रुपये येत होतं, त्या घराने आता चार हजारांचा हप्ता भरायचा. या योजनेसाठी सरकारी बँका तारणाशिवाय कमी व्याजाने कर्ज देतात, हे त्या माणसाला ठाऊक असतं. तो ते सांगत नाही, कारण बँकेच्या कर्जावर त्याला दलाली मिळत नाही.

इथे रिझर्व्ह बँकेचा एक नियम तुमच्या बाजूने उभा आहे. दुर्दैवाने तो फार थोड्यांना माहीत आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाआधी, बँक असो की फायनान्स कंपनी, तुम्हाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावाच लागतो. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती, हे लिहिलेलं असतं. तो कागद तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवा, म्हणजे मराठीत मागायचा तुम्हाला अधिकार आहे. आणि त्यात लिहिलेल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवणं कर्ज देणाऱ्यावर बंधनकारक आहे. "आजच सही केली तर हा दर, उद्या वाढेल" असं कर्जाबद्दल कुणी म्हणालं, तर हा कागद मागा आणि तीन दिवस घरातल्या माणसांशी बोला.

दुसरा एक प्रकार आहे. "पॅनेल आमचे, खर्च आमचा, तुम्ही फक्त युनिटमागे पैसे द्या." हा पंधरा-वीस वर्षांचा करार असू शकतो. त्यात दरवाढीचं कलम शोधा. आज ५ रुपये युनिट आणि दरवर्षी फक्त तीन टक्के वाढ असं लिहिलेलं असेल, तर वीस वर्षांनी तो दर ९ रुपये होतो. घर विकायचं झालं, स्लॅब गळायला लागून पॅनेल उतरवायचे झाले, तर खर्च कुणी करायचा, हेही त्यातच असतं. करार इंग्रजीत असेल तर तो वाचून समजावणारा माणूस भेटेपर्यंत सही करू नका. फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्ची सगळ्या सभासदांची असते, तिथे सोसायटीच्या परवानगीशिवाय काही होत नाही.

परदेशात या विक्रीने लोक इतके पोळले, की सरकारांना कायदे बदलावे लागले. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात विजेचे आणि गॅसचे करार दारावर विकायला १ जानेवारी २०१७ पासून बंदी आहे. तिथेही सुरुवात "बिल दाखवा" यानेच व्हायची. ब्रिटनमध्ये घरी येऊन केलेला करार सहसा १४ दिवसांत, कारण न सांगता मोडता येतो. आपल्याकडे घरी येऊन केलेल्या प्रत्येक विक्रीला लागू होईल असा हक्क कायद्यात नाही. तो यायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तो येत नाही तोवर सही करण्याआधीचा वेळच आपला.

सही होऊन गेली असेल, तर शरमेने गप्प बसू नका. मुलं रागावतील म्हणून अनेक ज्येष्ठ मंडळी महिनोन् महिने बोलत नाहीत, आणि हप्ते सुरूच राहतात. करार, पावती, व्हॉट्सॲपवरचे संदेश, त्या माणसाचा फोन नंबर, सगळं जपून ठेवा. कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतून तक्रार नोंदवता येते. फायनान्स कंपनीने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा संपर्क क्रमांक १४४४८ आहे. ओटीपी घेऊन खात्यातून पैसे काढले असतील, तर क्षणही न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. फक्त दोन वर्षांच्या आत जायला हवं.

आणि एक विनंती. आज संध्याकाळी गावाकडे आई-वडिलांना फोन कराल, तेव्हा हे त्यांना सांगा: लाइटबिल कुणाला दाखवायचं नाही, ओटीपी सांगायचा नाही, आणि सही करायची ती घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कागद वाचल्यावरच.