पिसाची माशी

श्रोतेहो, ठाकुर्लीजवळ उल्हासच्या काठी गळ टाकून बसलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. आमिष बहुधा गांडुळाचे, नाहीतर कणकेचे. पण निवळ, वाहत्या पाण्यासाठी पिसाचीही माशी बांधता येते बरे का! गळाच्या दांडीवर रेशमी दोरा घट्ट गुंडाळा. कोंबडीचे गळालेले मऊ पीस शेंड्याकडून भोकाजवळ बांधा, दोनच वेढे द्या, गाठ मारा. कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस माशीला तरंगत ठेवते. कोंबडीचे मऊ पीस भिजून बुडते आणि त्याचे तंतू किड्याच्या पायांसारखे हलतात. वेढे जास्त झाले, की ही हालचाल संपली.

आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणाच्या थेंबांसारखे ठिपके असतात. विलायतेतल्या शौकिनांना सामन माशासाठी ती पिसे हवी असत. त्यापायी हे पक्षी मारले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आज त्यांची शिकार गुन्हा आहे.

तेव्हा गुरुजी, मुलांना एवढे जरूर सांगा : अशा माशीत जीव येतो तो हालचालीने, आणि ती तर परसातल्या कोंबडीच्या पिसातही आहे. त्यासाठी रानातला जीव कशाला घ्यायचा?