पावसाची साक्ष कोणाच्या हाती?

(शेतकरी-शेतमजूर कार्यकर्त्यांच्या एका तालुका शिबिरात केलेले भाषण)



'शेतकरी आणि नैसर्गिक आपत्ती' हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा हमीभाव आणि कर्जमुक्ती यांवर मी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. ते प्रश्न मोठे आहेतच. परंतु आज मी आपले लक्ष एका अगदी किरकोळ दिसणाऱ्या वस्तूकडे वेधणार आहे. ती वस्तू म्हणजे पर्जन्यमापक. मघाशी जेवणाच्या पंगतीत मी शेजारच्या आठ-दहा जणांना विचारले, आपल्या महसूल मंडळाचे हवामान केंद्र आपण कधी पाहिले आहे काय? एकाने होय म्हटले. त्याच्या बांधालगतच ते उभे आहे म्हणून! बाकीच्यांना ते कोणत्या गावी आहे हेही ठाऊक नव्हते. आणि तरीही आपल्या घरात येणारा किंवा न येणारा पैसा त्या केंद्रातल्या आकड्यावर ठरत असतो.

आपल्या राज्यात चोवीस तासांत मंडळामध्ये ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर त्यास अतिवृष्टी म्हणतात. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. या हिशेबाने ६५ मिलिमीटर म्हणजे हेक्टरी साडेसहा लाख लिटर. एवढे पाणी उभ्या सोयाबीनचे काय करते, हे मी आपणास सांगावे असे नाही. परंतु आकडा ६४ वर थांबला, तर कागदावर तो नुसता 'पाऊस' राहतो. रानाला एका मिलिमीटरचा फरक कळत नाही. सरकारी तक्त्याला मात्र तेवढाच कळतो.

आमच्याच गावचा अनुभव सांगतो. सप्टेंबरात एका रात्री असा पाऊस कोसळला की ओढ्याकाठची ताल वाहून गेली, आणि काढणीला आलेल्या सोयाबीनच्या शेंगांना पुढच्या आठवड्यात जागेवरच मोड फुटले. आमच्या मंडळाचे केंद्र टेकडीपलीकडच्या गावी, अकरा किलोमीटरवर. तिथे त्या रात्री पाऊस झाला, पण बेताचा. तलाठ्यांनी कागद उलगडून सांगितले, "आपल्या मंडळात अतिवृष्टीची नोंद नाही." तेव्हा आमच्यातला एक वृद्ध शेतकरी त्यांना म्हणाला, "भाऊसाहेब, पाऊस आमच्या रानात पडला, आणि साक्ष मात्र परगावची काढता?" तलाठी बिचारे गप्प राहिले. त्यांचा काही अपराध नव्हता. परंतु त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात जो प्रश्न विचारला, तोच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

टेकडीच्या अलीकडे आणि पलीकडे पाऊस वेगळा पडतो, ही काही आमच्या गावची कहाणी नव्हे. २६ जुलै २००५ चा मुंबईचा प्रलय आपणा सर्वांच्या स्मरणात आहे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच मुंबईत, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याच्या वेधशाळेत नोंद झाली ती ७३ मिलिमीटरची. समजा, त्या दिवशी केवळ कुलाब्याचेच माप सरकारदरबारी ग्राह्य धरले असते, तर बुडालेल्या कुर्ल्याला आणि कलिन्याला काय उत्तर मिळाले असते? 'आपल्याकडे अतिवृष्टीची नोंद आहे खरी, पण जुजबी,' असेच ना? पावसाळी ढगाचा विस्तार कित्येकदा चार-पाच किलोमीटरचाच असतो. त्याला मंडळाची हद्द माहीत नसते.

मग हे मोजमाप आले कोठून, याचा थोडा इतिहास पाहू. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली, १८२६ ची. १८६४ सालच्या वादळाने कलकत्त्यात हाहाकार उडविला, त्यापाठोपाठ दुष्काळ पडले, आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. पुढच्याच वर्षी दख्खनचा भीषण दुष्काळ सुरू झाला. १९२८ मध्ये या खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या चौकाला पुणेकर आजही सिमला ऑफिसचा चौक म्हणतात, ते यामुळेच. १९३२ साली तेथेच शेतीच्या हवामानशास्त्राची स्वतंत्र शाखा निघाली. तेव्हा या विद्येत महाराष्ट्र मागासलेला आहे असे कोणी म्हणू नये. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तालुक्याच्या कचेरीच्या आवारात तो धातूचा नळकांड्यासारखा मापक उभा राहिला, रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातले पाणी काचेच्या मापाने मोजले जाऊ लागले, ते सरकारला कळावे म्हणून. साऱ्याची तूट किती येईल, दुष्काळी कामे केव्हा काढावी लागतील, हे वर कळवायचे होते. रयतेला त्यातून काही कळावे, हा हेतू मुळातच नव्हता. मित्रहो, यंत्र बदलले, राज्यकर्ते बदलले, पण माहिती खालून वर जाते आणि वरून खाली येत नाही, हा क्रम मात्र फारसा बदललेला नाही.

२०१७ साली राज्यात 'महावेध' प्रकल्प सुरू झाला. तेव्हाच्या २,०६५ महसूल मंडळांत प्रत्येकी एक स्वयंचलित केंद्र उभारण्याची ती योजना. पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा यांची नोंद दर दहा मिनिटांनी आपोआप व्हावी, असे तिचे स्वरूप. तालुक्याला एक मापक होता, तो मंडळावर आला, ही प्रगतीच आहे. ती नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. परंतु हिशेब करून पाहा. राज्याचे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार ७१३ चौरस किलोमीटर. त्यास २,०६५ ने भागले तर एका केंद्राच्या वाट्याला सुमारे १४९ चौरस किलोमीटर येतात. म्हणजे बारा किलोमीटर लांब आणि बारा किलोमीटर रुंद एवढ्या मुलखाचे नशीब ताटलीएवढ्या तोंडाच्या एका भांड्यात मोजले जाते!

आणि ते भांडे तरी नीट असते काय? या स्वयंचलित मापकात एक इवलीशी तराजूसारखी डोलणारी वाटी असते. ठरावीक पाणी भरले की ती कलंडते, आणि प्रत्येक कलंडणे मोजले जाते. नरसाळ्यात पाला अडकला, पाखराने विष्ठा केली, कोळ्याने जाळे विणले, तरी पाणी अडते आणि यंत्र निमूटपणे कमी पाऊस सांगते. फार जोराच्या सरीत वाटीचे कलंडणेही मागे पडते. शेजारी झाड वा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवा, हा साधा नियम आहे. केंद्र बसविताना जागा मोकळी असते. पाच वर्षांत कडेची सुबाभूळ डोक्यावर जाते. ती कोणी तोडायची? यंत्र खोटे बोलत नाही हे खरे, परंतु आजारी यंत्र खरेही बोलत नाही.

२०२३ च्या दुष्काळात तर याहून विलक्षण प्रकार घडला. सरकारने आधी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. मग इतरत्र ओरड झाली, म्हणून सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी पाऊस झालेली १,०२१ महसूल मंडळे दुष्काळसदृश ठरविण्यात आली. पण ज्या मंडळांचे विभाजन होऊन नवी मंडळे झाली होती, त्यांपैकी अनेक ठिकाणी पर्जन्यमापकच बसलेला नव्हता. मापक नाही म्हणून आकडा नाही. आकडा नाही म्हणून दुष्काळ नाही! पुढे आणखी २२४ मंडळांचा समावेश करावा लागला, तो काही महिन्यांनी. विहीर आटली होती, जनावरे बाजाराच्या वाटेला लागली होती, पण दुष्काळ मात्र कागदाची वाट पाहत वेशीबाहेर थांबला होता.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. मापक ही साक्ष आहे, तर साक्षीदार कोणाच्या ताब्यात असावा? महावेधची केंद्रे सार्वजनिक-खासगी भागीदारीतून उभी राहिली. यंत्रे एका खासगी कंपनीने उभारायची, मालकीही तिनेच ठेवायची आणि चालवायचीही तिनेच. दुसरीकडे, फळबागांच्या हवामानाधारित विम्यात शेताची पाहणी होत नाही. केंद्राने नोंदलेले तापमान, पाऊस, वारा यांवरूनच भरपाई मिळणार की नाही ते ठरते. म्हणजे आंबा, काजू, द्राक्ष, केळी यांच्या बागाईतदाराच्या बाबतीत मापक हाच पंच आणि मापक हाच न्यायाधीश. अमुक एका कंपनीने लबाडी केली असा माझा आरोप नाही. माझे म्हणणे तत्त्वाचे आहे. ज्या आकड्यावर एकाचे देणे आणि दुसऱ्याचे घेणे अवलंबून आहे, तो आकडा उघड्यावर, सर्वांच्या देखत घेतला गेला पाहिजे. काटा व्यापाऱ्याच्या घरात ठेवून मापाबद्दल विश्वास मागता येत नाही. हे आपण बाजार समितीच्या लढ्यात शिकलो आहोत.

आणि एक कडू गोष्ट आपल्याही माणसांना सांगितली पाहिजे. भरपाई मिळावी म्हणून यंत्राशी खेळ करण्याचा मोह आपल्या बाजूलाही होऊ शकतो. त्याला थारा देऊ नका. नरसाळ्यात तांब्याभर पाणी ओतणारा हात एका वर्षाची भरपाई मिळवील, पण पुढची वीस वर्षे खऱ्या पावसावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. खोट्या साक्षीने खटला जिंकता येतो, पण पत जाते.

मग करावयाचे काय? शेजारच्या कर्नाटकाकडे पाहा. तेथे १९८८ मध्ये दुष्काळ-निरीक्षणाचा सरकारी कक्ष निघाला. आज तेथील आपत्ती-निरीक्षण केंद्राने ग्रामपंचायतींच्या पातळीपर्यंत, सहा हजारांच्या आसपास, दूरसंवेदी पर्जन्यमापकांचे जाळे विणले आहे, आणि शेतकऱ्याला दूरध्वनीवरून हवामानाची विचारणा करता येते. सरकारी यंत्रणेस हे जमत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. आंध्रातील सात दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी स्वतः पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून, गावात फळ्यावर लिहून, त्यावरून पिकांची चर्चा करण्याची पद्धत घातली. आणि आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. पाणी कमी असेल तर कोणते पीक घ्यायचे नाही, ते तिथेच ठरते. या ठिकाणी मापक ही कचेरीची वस्तू राहिलेली नाही. ती गावाची झाली आहे.

केंद्र सरकारनेही २०२३ मध्ये 'विंड्स' नावाचा कार्यक्रम आखला. तालुका पातळीवर हवामान केंद्र आणि ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक, ही त्याची कल्पना. आमच्या वृद्ध शेतकऱ्याने मागितली ती हीच गोष्ट आहे. परंतु संख्या वाढल्याने प्रश्न संपेल, या भ्रमात राहू नका. जाळे दाट झाले आणि त्याच्या दोऱ्या मात्र त्याच दूरच्या हातात राहिल्या, तर आपल्याला मिळेल ती अधिक गावांत न समजणारी अधिक माहिती.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. एक, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या हद्दीत पर्जन्यमापक हवा, आणि नवे मंडळ निर्माण करण्याआधी तेथे मापक बसविण्याचे बंधन हवे. दोन, त्याची रोजची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहिली जावी. सातबारा जसा मागितल्यावर मिळतो, तसा मागील सर्व वर्षांच्या पावसाचा उतारा शेतकऱ्याला मिळावा. तीन, यंत्र कोणीही उभारो, आकड्यांची मालकी जनतेची राहावी, आणि यंत्राची तपासणी दरवर्षी मृगापूर्वी गावातील पंचांसमक्ष होऊन तिचा कागद व्हावा. चार, यंत्र बंद पडले वा संशयास्पद ठरले, तर नुकसान नाही असे न मानता प्रत्यक्ष पंचनामा हाच पुरावा धरला जावा.

पण मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. साधा, हाताने मोजण्याचा पर्जन्यमापक ही काही महाग वस्तू नव्हे. आपल्या प्रत्येक शाखेने आपल्या गावच्या शाळेत एक बसवावा. गुरुजी आणि मुलांनी रोज सकाळी साडेआठ वाजता मोजावे आणि वहीत लिहावे, पाऊस नसला तर शून्य लिहावे. शून्यही नोंद आहे, हे विसरू नका. त्या वहीला आज कायद्याचे बळ नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु पाच वर्षे न चुकता ठेवलेली वही घेऊन आपण तहसीलदारांपुढे उभे राहू, तेव्हा 'परगावची साक्ष' पुरेशी आहे असे सांगताना त्यांना दोनदा विचार करावा लागेल.

पाऊस आपल्या हातात नाही. त्याचे माप मात्र आपल्या हातात येऊ शकते. येत्या मृगापर्यंत या तालुक्यात अशा किती वह्या उघडल्या गेल्या, एवढेच मी पुढच्या शिबिरात आपणास विचारणार आहे.