फाइल कण्यात मोडते

पत्रिकेत विषय छापला होता ‘कार्यालयीन दप्तर : काल, आज आणि उद्या’. एप्रिलचा शेवटचा आठवडा, संध्याकाळ झाली तरी नागपूरचे रस्ते तव्यासारखे तापलेले. असल्या विषयाला माणसं येतील कुठून, अशी धास्ती संयोजकांना होती. सव्वासहाला सभागृहात अकरा जण होते, त्यातले चार कूलरच्या तोंडाशी. पावणेसातपर्यंत साठ-सत्तर झाले. निवृत्त कारकून, दोन-तीन वकील, महालातले एक बाइंडर आणि शेवटच्या रांगेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी चार पोरं.

वक्ते महसूल खात्यातून निवृत्त झालेले रेकॉर्ड कीपर. अध्यक्षांनी ‘अभिलेख व्यवस्थापनातले तज्ज्ञ’ अशी ओळख करून दिली. वक्त्यांनी माइक हातात घेताच दुरुस्ती केली : ‘तज्ज्ञ नाही जी. एकतीस वर्षं धूळ खाल्ली.’ मग काखेतलं लाल मांजरपाटाचं गाठोडं टेबलावर ठेवलं आणि पत्रिकेतला विषय एका वाक्यात निकालात काढला. काल, आज आणि उद्या बाजूला ठेवा, मला एवढंच सांगायचं आहे की फाइल पुठ्ठ्याच्या जाडीने टिकत नाही, कापडाने टिकते.

गाठोड्यातून तीन मेलेल्या फाइली निघाल्या. त्यांनी त्या श्रोत्यांकडे फिरवल्या, पहिल्या रांगेतल्या एक बाई पदर नाकाला लावून मागे सरकल्या. तिन्ही फाइली एकाच जागी गेल्या होत्या : कण्यावर, म्हणजे पुठ्ठा दुमडतो त्या रेषेवर. वक्त्यांचा हिशेब सोपा होता. ऐंशी जीएसएमचा ए-फोर कागद पाच ग्रॅम भरतो. दोनशे कागद म्हणजे एक किलो, आणि जाडी जवळपास दोन सेंटिमीटर. आता बाजारातली साधी फाइल घ्या. मधोमध एकच घडी. कण्याला रुंदी शून्य आणि पोटात दोन सेंटिमीटर माल! मग पाठ गोल होते, वरचा पुठ्ठा आत ओढला जातो, लेसची भोकं लांबोळकी होतात आणि एक दिवस फाइल उघडताना मुखपृष्ठ हातात येतं. नाव, क्रमांक, वर्ष सगळं त्या मुखपृष्ठावरच लिहिलेलं.

‘मुखपृष्ठ गेलं की फाइल अनाथ,’ ते म्हणाले.

उपाय म्हणून सगळे जाड पुठ्ठा मागतात. खरेदीच्या निविदेत ‘तीनशे जीएसएम’ एवढंच लिहिलेलं असतं आणि सगळ्यात कमी दरवाला तीनशे जीएसएम देतोही. पण जीएसएम हे वजन आहे, ताकद नाही. एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो, एवढंच ते सांगतं. तो किती वेळा दुमडला की तुटेल, किती ओढला की फाटेल, यासाठी वेगळ्या चाचण्या असतात आणि कागद तपासण्याच्या पद्धतींचं भारतीय मानकच आहे, आयएस १०६०. वक्त्यांनी हात झटकला. हे सगळं तुम्हाला माहीतच आहे, पुढे जाऊ. कुणालाच माहीत नव्हतं. पण निवृत्त कारकुनांनी माना डोलावल्या.

स्वस्त पुठ्ठ्याबद्दल मात्र ते जरा थांबले. बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ साली निघाला, तेव्हा त्याच्या नावातच ‘स्ट्रॉ बोर्ड’ हे शब्द होते. स्ट्रॉ म्हणजे आपलं तणस, असं त्यांनी सांगितल्यावर भंडाऱ्याकडचे दोघं हसले. तणसाचा पुठ्ठा ताठ असतो, स्वस्त असतो, बाइंडिंगच्या आत चालून जातो. पण त्यातलं लिग्निन आणि आम्ल राहून गेलेलं असलं, तर काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि बिस्किटासारखा तुटतो. तो जितका जाड घ्यावा, तितका घडीच्या बाहेरच्या अंगाला ताण जास्त, म्हणून तितका लवकर तुटतो. जाडी वाढवून आपण कण्याचं मरण जवळ आणतो, हा त्यांचा मुद्दा इथे पहिल्यांदा नीट उमगला.

मग त्यांची स्वतःची फाइल बाहेर आली. कण्यावर एकाऐवजी पाच समांतर रेषा दाबलेल्या, अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर. कागद कमी असतील तर एका रेषेवर दुमडायची, वाढले की दोन, मग सगळ्या. दोन सेंटिमीटरची चौकोनी पाठ आपोआप तयार. क्रीजिंग करताना एका बाजूला बारीक वरंबा उठतो. तो वरंबा घडीच्या आतल्या अंगाला राहिला पाहिजे. बरेच जण उलट दुमडतात आणि मग पुठ्ठा तडकला म्हणून कारखान्याला शिव्या घालतात. या सगळ्यावरून, आतून आणि बाहेरून, सात सेंटिमीटर रुंदीची मांजरपाटाची पट्टी. चिकटवायला घरची खळ, तिच्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. पट्टी बिजागरीचं काम करते. पुठ्ठ्याला वाकावं लागतच नाही, वाकतं ते कापड.

खर्च? एक मीटर पन्ह्याच्या एक मीटर कापडातून पस्तीस सेंटिमीटर उंचीच्या अठ्ठावीस पट्ट्या निघतात. हा आकडा त्यांनी तीनदा सांगितला. टाटांची कापड गिरणी, एम्प्रेस मिल, १८७७ साली ज्या गावात सुरू झाली, कोष्ट्यांच्या मागांची खटखट ज्या गावाने शंभर वर्षं ऐकली, त्या गावात फाइलीला वीतभर कापड मिळत नाही, असं म्हणताना आवाज चढला. टाळ्या पडल्या. त्या फाइलीला होत्या की एम्प्रेस मिलला, ते कळलं नाही.

उभ्या कपाटांचा उल्लेख त्यांनी टाळला असता तरी चाललं असतं, पण शिकागो आलं आणि सभागृह जागं झालं. विवेकानंद १८९३ साली ज्या शिकागोत बोलले, त्याच वर्षीच्या तिथल्या जागतिक प्रदर्शनात फाइली उभ्या ठेवायच्या खणांच्या कपाटाला सुवर्णपदक मिळालं होतं. ‘आपण एकच भाषण लक्षात ठेवलं,’ ते म्हणाले आणि हशा पिकला. अमेरिकेतली फाइल खणात उभी राहते, वजन स्वतःच्या बुडावर घेते आणि एकटी बाहेर येते. म्हणून तिकडे नुसता दुमडलेला मनिला कागद पुरतो. आपली फाइल आडवी झोपते, तिच्यावर वीस जणी झोपतात, तळातली हवी असली की शिपाई तिला कण्याला धरून ओढतो, आणि गठ्ठा उचलायचा तर फितीच्या गाठीला धरून. तिकडचं आवरण इकडच्या वागणुकीला कसं पुरणार?

कापडाची परंपरा सांगायला ते अभिलेख कक्षात शिरले. अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच, ड एक वर्ष, सहा गठ्ठे, दप्तर दिरंगाईचा २००५ चा कायदा. ही सगळी यादी त्यांनी एका दमात म्हटली आणि शेवटच्या रांगेतली पोरं ती लिहून घेत होती. वक्त्यांना त्या यादीतलं एकच हवं होतं. कायम जपायचं ते लाल रुमालात बांधतात. पेशवे दफ्तराचे गठ्ठे आजही ‘रुमाल’ म्हणूनच मोजतात. म्हणजे कागद टिकवायचा तर कापड लागतं, हे आपल्या भाषेलाच ठाऊक आहे!

इथून गाडी रिद्धपूरला गेली, आणि ती परत येईना.

पोथीला फाइल नसते, असं त्यांनी सुरू केलं. सुटी पानं, वरखाली दोन फळ्या, भोवती बासन. महानुभावांच्या पोथ्या अशाच बासनात शतकं राहिल्या. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर, म्हाइंभटांचं लीळाचरित्र, कोलते सरांचं संपादन. सरांबद्दल नागपूरकरांना मी काय सांगायचं, म्हणत त्यांनी पाच मिनिटं सांगितलं. परंपरा अशी की लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत गेली आणि हिराइसेला पाठ होतं म्हणून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. ‘आमच्या रेकॉर्ड रूममध्ये फाइल हरवली की आम्हीही कुठल्यातरी हिराइसेला शोधायचो. रिटायर झालेला मोठा बाबू. त्याला सगळं तोंडपाठ.’ पहिल्या रांगेतले एक मोठे बाबू लाजले. पुढे सकळ लिपी आली. पंथाच्या पोथ्या परक्यांना वाचता येऊ नयेत म्हणून केलेली सांकेतिक लिपी. त्यावरून तलाठ्यांचं अक्षर आलं. अध्यक्षांची पहिली चिठ्ठी टेबलावर आली. वक्त्यांनी ती न वाचता फाइलीत लावली.

एका वकिलांनी बसल्या बसल्या विचारलं, बासनातली पोथी दिवसातून चाळीस वेळा कोण उघडत होतं? प्रश्न रास्त होता. पोथी टिकली ती कापडाने, की कमी हाताळल्याने? वक्ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, म्हणूनच मी रुमाल मागत नाही, पट्टी मागतो. उत्तर हजरजबाबी होतं, पुरेसं नव्हतं. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण पुढची पाच मिनिटं ते कुणीही न विचारलेल्या आक्षेपांना उत्तरं देत राहिले. लाल फितीची बदनामी झाली ती माणसांमुळे. फीत बिचारी सुती, गंजत नाही. टाचणी आणि पत्र्याची क्लिप गंजते, तो गंज कागद खातो. कोब्रा फाइल दिसायला छान, पण दोन पावसाळ्यांनंतर तिच्या क्लिपची तांबडी छाप शेवटच्या पानावर पाहा. मग न्यायालय. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-फोर आणला, दोन्ही बाजूंनी छपाई. पण दुकानातली फाइल अजून फुलस्केपची. खाली चार बोटं रिकामी कड उरते, तीच दुमडते आणि तिथूनच फाटायला लागते. आता वकील हसले.

हिवाळी अधिवेशन यायचंच होतं. दर डिसेंबरला मुंबईहून फाइलींच्या पेट्या आठशेहून जास्त किलोमीटर प्रवास करून इथे येतात आणि परत जातात. १९५३ च्या नागपूर कराराचं बाकी काय झालं हा निराळ्या व्याख्यानाचा विषय, असं म्हणून त्यांनी टाळ्या वसूल केल्या. त्यांना सांगायचं होतं ते एवढंच, की पेटीत आडव्या रचलेल्या फाइलीचं भोक त्या हादऱ्यांनी जितकं झिजतं, तितकं टेबलावर वर्षभरात झिजत नाही. भोकाभोवतीही कापड हवं. दोन भोकांत ऐंशी मिलिमीटर अंतर, कडेपासून बारा मिलिमीटर. हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण पंच मशीन वेगळं, फाइल वेगळी, मग आपण कागदाला तिसरं भोक पाडतो.

एवढ्यात कूलरने बाजी मारली. टेबलाच्या कडेला त्यांनी सुरुवातीला एक चकचकीत फाइल ठेवली होती, एका बाजूने प्लास्टिकचं लॅमिनेशन असलेली. तासभर ओल्या वाऱ्यात राहून ती नावेसारखी वाकली होती. प्लास्टिकची बाजू ओल घेत नाही, कागदाची घेते आणि फुगते. दोघींचं जमत नाही. मे महिन्यात नागपूरची हवा हाडं सुकवते, जुलैत भिंती ओल्या होतात. फाइल वर्षातून दोनदा हे सोसते. वक्त्यांनी ती नाव डोक्यावर धरली. हे आधी ठरवलं होतं का, असं नंतर अध्यक्षांनी विचारलं, तेव्हा ते नुसते हसले.

दुसरी चिठ्ठी आली. सभागृह आठला कथ्थकच्या वर्गाला द्यायचं होतं. दाराशी घुंगरांचा आवाज सुरू झालेला. ‘उद्या’ हा भाग राहिलाच होता. वक्त्यांनी तो दीड मिनिटात उरकला. ई-ऑफिस आलं आहे, चांगलं आहे, यायलाच हवं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, तेव्हा कापड काय कामाचं होतं, हे त्यांनी स्वतःच विचारलं आणि स्वतःच मान्य केलं. पण आधीचं जे कागदावर आहे, ते स्कॅन करायलासुद्धा आधी हातात धड आलं पाहिजे. शेवटच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, सर, यावर परीक्षेत प्रश्न येऊ शकतो का? सभागृह एवढं हसलं की उत्तर कुणाला ऐकू आलं नाही.

आभार मानताना शाल, श्रीफळ आणि मानपत्र दिलं. मानपत्र अर्थातच चकचकीत फोल्डरमध्ये. वक्त्यांनी मजकूर न पाहता आधी त्याच्या कण्यावर अंगठा फिरवला.

महालातले बाइंडर संध्याकाळभर एक शब्द बोलले नव्हते. ते जिन्यापाशी थांबले होते. कागदालाही ताणा असतो, असं त्यांनी सुरू केलं. मशीनवर तंतू एका दिशेने झोपतात. त्या दिशेला समांतर घडी सुबक पडते, आडवी घातली तर ओबडधोबड, पण तंतू घडीच्या आरपार जातात म्हणून ती जास्त दिवस झेपते असं काही जण मानतात. तुमच्या फाइलीत कोणती आहे? वक्ते म्हणाले, कापड असल्यावर दिशेची काय पत्रास! बाइंडरने परवानगी विचारून नमुना फाइलीच्या खालच्या कोपऱ्याचा बोटभर चौकोन फाडला, पाण्याच्या कॅम्परच्या नळाखाली एक बाजू ओली केली आणि तळहातावर ठेवला. तुकडा हळूहळू वळला, नळी झाली. तंतू नळीच्या लांबीत असतात. नळी कण्याला आडवी होती.

‘पुठ्ठा कुठून घेता?’ बाइंडरने विचारलं.

वक्त्यांनी दुकान सांगितलं. मग तो ओला तुकडा चिमटीत धरून ते बराच वेळ दिव्याखाली बघत राहिले आणि वर घुंगरं सुरू झाली.