परक्यांचे चित्रपट आणि चिनी प्रेक्षक



परक्याने काढलेले आपले चित्र आपल्याला रुचते काय? चिनी प्रेक्षकांपुरता हा प्रश्न आम्ही आज घेतला आहे. ते लोक अशा चित्रपटांवर रुसलेलेच असतात, असा एक समज आहे. तो तपासून पाहू.

१९३० साली शांघायमध्ये हॅरॉल्ड लॉइड यांचा ‘वेलकम डेंजर’ चालू होता. त्यातले सॅन फ्रॅन्सिस्कोचे चिनी म्हणजे अफूवाले आणि चोर! नाटककार हुंग शेन प्रेक्षकांतून उठले, तेथेच बोलले आणि लोक तिकिटाचे पैसे परत मागू लागले. हुंग शेन यांना पोलिसांकडे नेण्यात आले. पण पुढे लॉइड यांनाच दिलगिरी व्यक्त करावी लागली. हा राग डोळ्यांनी पाहून आलेला होता.

आता दुसरा राग पाहा. १९७२ साली सरकारच्याच निमंत्रणावरून इटलीचे आंतोनिओनी चीनमध्ये गेले आणि त्यांनी साडेतीन तासांचा माहितीपट केला. जानेवारी १९७४ मध्ये ‘पीपल्स डेली’ने त्याच्यावर झोड उठवली. नानकिंगचा भव्य पूल मुद्दाम वाकडा दाखवला, हाही एक आरोप! देशभर निषेध झाला. निषेध करणाऱ्या सामान्य माणसांनी मात्र तो माहितीपट पाहिलाच नव्हता. बीजिंगमध्ये तो दाखवला गेला २००४ साली. आईबापांच्या काळचे रस्ते आणि चेहरे त्यात जपलेले होते.

२००८ साली ‘कुंग फू पांडा’ आला. एका कलावंताने बहिष्काराची हाक दिली, तरी चित्रपटगृहे भरली. पांडा आमचा, कुंग फू आमचे, मग हा चित्रपट आम्हीच का केला नाही, असा प्रश्न तेथे जाहीरपणे विचारला गेला. याउलट २०२० चा ‘मुलान’. नट चिनी, पोशाख चिनी. पण उत्तरेकडच्या कथेतली नायिका राहते दक्षिणेतल्या फूच्येनच्या गोल मातीच्या वाड्यात! ‘छी’ ही प्राणशक्तीची कल्पनाही जादूटोण्यासारखी झाली. प्रेक्षकांना ते खटकले.

तात्पर्य काय? चिनी प्रेक्षक परकेपणावर रुसत नाही. निष्काळजीपणावर आणि हेटाळणीवर रुसतो. आणि रागावण्याचा अधिकार आधी पाहणाऱ्याचा असतो. १९७४ मध्ये तो लोकांना मिळालाच नाही. राग तेवढा वरून वाटला गेला. न पाहिलेल्या चित्रपटाविरुद्ध घोषणा देण्याची पाळी कुठल्याही समाजावर येऊ शकते, आमच्यावरसुद्धा. तेव्हा आधी तिकीट काढावे, पाहावे, मग खुशाल रागवावे.