नांगर उचलणारा रहाट



गेटवे ऑफ इंडियासमोर शिडाची बोट भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवशी उभी असो वा उधाणाच्या, बोट तीच असली तरी नांगराचा हिशेब बदलतो. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. ओहोटीला तीन मीटर पाणी पाहून कुणी नांगर टाकला, तर सहा तासांनी तिथेच सात मीटर पाणी चढते. पाण्यापासून नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, उंची एक मीटर धरली आणि एकूण उंचीच्या पाचपट साखळी सोडण्याचा रुळलेला नियम लावला, तर ओहोटीला २० मीटर साखळी पुरते, भरतीला ४० मीटर लागते. वीस मीटरवर निर्धास्त झोपलेल्याची बोट रात्री नांगर फरफटत दुसऱ्याच्या बोटीवर जाऊ शकते.

एवढी साखळी पुन्हा वर घ्यायची कुणी?

१० मिलिमीटरच्या साखळीचे वजन मीटरला सुमारे सव्वादोन किलो. हातांनी ओढताना कंबर भरून येते, बोटे कडीत सापडतात. या कष्टाच्या धाकाने माणूस साखळी कमी सोडतो, आणि खरा धोका तिथे आहे. साखळी ओढणारे यंत्र, म्हणजे विंडलास, हवे ते यासाठी. त्याचे तत्त्व विहिरीवरच्या रहाटाचेच. फक्त हाताच्या जागी विजेची मोटर आणि दोराच्या जागी खाचांच्या चाकावर बसणारी साखळी. या चाकाला जिप्सी म्हणतात.

निवड करताना बोटीच्या लांबीआधी साखळी मोजावी. बारा मीटरच्या बोटीवर २० किलोचा नांगर आणि ६० मीटर साखळी असेल, तर एकूण वजन १५५ किलो होते. विंडलासची कमाल ओढ याच्या तिप्पट, म्हणजे साडेचारशे किलोच्या वर असावी, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. दहा मीटर पाण्यात प्रत्यक्ष लटकते ते वजन पन्नास किलोही नसते. बाकीची ताकद वाऱ्यासाठी, लाटेसाठी आणि मुंबई बंदराच्या तळाशी असलेल्या चिकट गाळासाठी राखीव असते.

जिप्सी आणि साखळी यांचे माप तंतोतंत जुळलेच पाहिजे. दहा मिलिमीटरची साखळीसुद्धा दोन मापांत येते: डीआयएन मानकात कडीची आतली लांबी २८ मिलिमीटर, आयएसओ मानकात ३०. फरक अवघा दोन मिलिमीटरचा, पण चुकीच्या जिप्सीवर साखळी उड्या मारते आणि भार आला की सुटते.

आडव्या आसाचा विंडलास सगळा डेकवर असतो, म्हणून दुरुस्तीला सोपा. मात्र साखळी त्याच्या चाकाला जेमतेम पाव वेढा घालते. उभ्या आसाच्या यंत्रात अर्धा वेढा मिळतो, पकड चांगली बसते. पण मोटर डेकखाली जाते आणि तिथली जागा व्यापते. दोन्हींत साखळीच्या कोठीला खोली हवी, नाहीतर ढीग चाकापर्यंत चढून साखळी अडकते.

विजेचा विचार अनेकदा शेवटी होतो, तो आधी व्हावा. हजार वॅटची मोटर १२ व्होल्टवर ८० अँपिअरहून जास्त प्रवाह खेचते. बॅटरीपासून नाळेपर्यंत जाऊन परत येणारी तार बारीक असेल, तर विजेचा दाब वाटेतच गळतो, मोटर रडत चालते आणि तापते. तार जाड, ब्रेकर योग्य मापाचा, आणि नांगर उचलताना बोटीचे इंजिन सुरू असावे.

विंडलासचे काम उचलण्याचे आहे. बोट पुढे ओढणे इंजिनाचे काम: सावकाश नांगराच्या डोक्यावर यावे, साखळी सैल पडली की बटण दाबावे. नांगर गाळात रुतला असेल, तर साखळी डेकवरच्या चेन स्टॉपरच्या खटक्याला अडकवून बोटीच्या वजनाने तो सोडवावा. रात्रभर धरून ठेवण्याचे काम नायलॉनच्या दोराचे. तो आकड्याने साखळीला लावून खुंटाला बांधला की त्याचा ताण लाटेचे हिसके गिळतो आणि यंत्राच्या दातांवर भार येत नाही. वीज गेली तर हाताने फिरवायचा दांडा सापडेल अशा जागी ठेवावा.

आता पावसाळ्याआधी बोटी किनाऱ्यावर येतील. त्या वेळी साखळी पूर्ण बाहेर काढा, गोड्या पाण्याने धुवा, दर दहा मीटरवर रंगाची खूण करा आणि तिचे शेवटचे टोक कोठीत दोराने बांधलेले आहे ना, ते पाहा. दोरानेच बांधा: संकटात तो सुरीने कापता येतो.